तोफांचं काम

त्या वर्षी आमच्या मंडळाने गणपतीत लढाई करायची ठरवली, आणि तोफांचं काम माझ्याकडे आलं.

लढाई म्हणजे नाटकातली. सिंगापूरच्या आमच्या छोट्या मराठी मंडळात दरवर्षी दोन विनोदी प्रवेश, मुलांचे नाच आणि मग पुलाव-जिलबी, एवढंच व्हायचं. त्या वर्षी मात्र यिशुनला मुलाकडे राहायला आलेले एक काका बैठकीत उठून उभे राहिले. बँकेतून निवृत्त झालेले, पण अर्धा जीव कायम पुण्याच्या हौशी रंगभूमीवर राहिलेला. त्यांनी विजयदुर्गाच्या बंदरातल्या लढाईवर नाटक लिहिलं होतं.

"म्हणजे आपण जिंकलो ती?" कुणीतरी विचारलं.

"हरलो ती," काका म्हणाले. "समुद्रातून इंग्रजांची जहाजं आली आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. दोघं मिळून कुणावर चालून गेले? तर मराठ्यांच्याच आरमारावर. आपली शिडाची जहाजं बंदरात एकमेकांना बांधून उभी होती. एकावर आगीचा गोळा पडला आणि बघता बघता सगळं आरमार जळून गेलं. त्यानंतर कोकणच्या समुद्रावर आपला तसा दरारा पुन्हा बसला नाही."

"सणासुदीला हरलेली लढाई?" अध्यक्ष कुरकुरले.

"जिंकलेल्या सगळ्यांनी पाहिल्यात."

बराच वाद झाला, पण दुसरं नाटक कुणाकडेच तयार नव्हतं. मला सरखेलाच्या, म्हणजे आरमारप्रमुखाच्या, आईची भूमिका देऊ केली, ती मी हात जोडून नाकारली. स्टेजवर माझे पाय लटपटतात. "मग आवाजाचं तू बघ," काका म्हणाले. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना?" जणू सॉफ्टवेअरवाल्यांच्या घरी तोफा असतातच.

आम्ही बुकित पंजांगला बाराव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. आम्ही म्हणजे मी आणि सासूबाई. नवरा तेलवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर. सहा-सहा महिने समुद्रावर असायचा. मी एकटी पडू नये म्हणून त्या कोकणातून आल्या होत्या; मी त्यांना आईच म्हणते. त्यांचं माहेर नेमकं विजयदुर्गाच्या खाडीपलीकडचं. मला वाटलं, नाटकाचं ऐकून त्यांना आनंद होईल.

"जळलेली जहाजं गणपतीसमोर?" त्या म्हणाल्या. "दुसरा काय गावला नाय तुमका?"

मला मुळात स्वस्थ बसता येत नाही. लहानपणी जेवताना पाय हलवते म्हणून बोलणी खायची, आणि नवरा समुद्रावर गेला की हे दुखणं वाढायचं. त्यामुळे तोफांचं काम मला एका अर्थी मानवलं. इंटरनेटवर मिळालेले तोफांचे आवाज काकांना पसंत पडेनात. "हे सिनेमातले आहेत," ते म्हणायचे. "मला छातीत बसणारा आवाज पाहिजे." एकदा स्वयंपाकघरातून कचरा थेट तळाशी सोडायच्या नळीत, शूटमध्ये, मी नारळाच्या करवंट्यांची पिशवी टाकली. बारा मजले आपटत ती खाली गेली आणि तळाशी असा काही धडाम आवाज झाला की मी जागीच थांबले. हीच तोफ. मग मी शूटच्या झाकणाशी फोन धरून करवंट्या, फुटके कप, ओल्या वाळूची पिशवी, काय वाटेल ते खाली सोडत सुटले. खालच्या मजल्यावरची चिनी आजी अखेर वर आली. "एव्हरी डे बूम बूम! व्हॉट यू थ्रो, लाह?" आईंनी तिला बशीभर शिरा दिला आणि मला दम दिला.

जूनमध्ये नवऱ्याचा जहाजावरून फोन आला तेव्हा मी त्याला आवाज ऐकवला.

"शूट आहे हे," तो लगेच म्हणाला.

"कसं ओळखलंस?"

"मीही त्याच घरात राहतो गं." हसला, आणि मग आवाज जरा बदलून म्हणाला, "ऐक, आता काही दिवस फोन करणार नाही. एडनकडे चाललोय."

त्या वर्षांत सोमाली चाच्यांचा फार उपद्रव होता. जहाजं पकडायची, माणसं महिनोन्‌महिने डांबून ठेवायची, असं चालायचं. आमच्यासारख्या घरांत 'एडन' हा शब्द उच्चारला की पुढचं बोलणं आपोआप हळू व्हायचं.

"तयारी काय केलीत?" मी विचारलं.

"काटेरी तारा लावल्यात. पाण्याचे पाइप रेलिंगला बांधलेत. आणि डेकवर पुतळे उभे केलेत, बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून. लांबून पहारेकरी वाटतात."

"आणि बंदुका?"

"पुतळ्यांच्या हातात झाडूचे दांडे आहेत," तो म्हणाला.

त्यानंतरचे दिवस मी नुसती हिंडत होते. ऑफिस सुटल्यावर पाया लेबारहून दोन गाड्या बदलून एलआरटी या छोट्या गाडीत बसायचं आणि आमच्या स्टेशनला न उतरता पुढे जायचं. ती गाडी बुकित पंजांगच्या इमारतींमधून गोल फिरून पुन्हा तिथेच येते. एखादी इमारत फार जवळ आली, की लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून गाडीच्या काचा आपोआप धूसर होतात आणि पुढे गेल्यावर पुन्हा स्वच्छ होतात. मी एक फेरी मारायची, कधी दोन. घरी आले की आई काही विचारायच्या नाहीत. त्यांनीही दिवसभरात सगळी कपाटं पुसलेली असायची, कालच पुसलेली असली तरी.

जहाज कंपनीचा फोन ऑफिसात आला. मी मीटिंगमध्ये होते. अनोळखी नंबर पाहून बाहेर आले. बोलणारा माणूस शांत होता, इतका शांत, की मला त्याचाच राग आला. जहाजावर हल्ला झाला आहे, चाचे डेकवर चढले आहेत, सगळे खलाशी आतल्या सुरक्षित खोलीत बंद होऊन बसले आहेत. त्यांच्याशी सध्या संपर्क नाही. एक युद्धनौका तिकडे निघाली आहे.

"संपर्क नाही म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे त्यांच्याकडून आवाज येत नाही," तो म्हणाला.

मी लॅपटॉप बंद केला की नाही ते मला आठवत नाही. घरी पोहोचले तेव्हा आई कोलीम, ती बारीक सुकी कोळंबी, निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि खाली मान घालून पुन्हा निवडायला लागल्या. हात मात्र भलतंच करत होते. निवडलेलं आणि न निवडलेलं सगळं त्या एकाच ताटात ओढत होत्या.

"आज तुझी तालीम हा ना?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"आई, तालीम कसली!"

"हंय बसान काय करतलं? चल. मी पण येतंय."

खरं तर मलाही त्या घरात थांबवत नव्हतं. आम्ही दोघी यिशुनला गेलो. तालीम काकांच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, वॉइड डेकमध्ये, चालायची. दगडी टेबलं, त्यांवर बुद्धिबळाचे पट कोरलेले, आणि तिथे संध्याकाळी वारा खात बसलेल्या चिनी म्हाताऱ्या. आमचे सैनिक लाकडी तलवारी घेऊन ओरडायला लागले की त्या मान डोलवायच्या. आई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या.

मी कुणाला काही सांगितलं नाही. स्पीकर लावला. सरखेलाने हात वर केला, की पहिली तोफ. मी बटण दाबलं. दुसरी. तिसरी. चौथ्या तोफेला माझं बोट बटणावरच राहिलं आणि धडाम, धडाम, धडाम असा एकच आवाज चालू राहिला. काकांनी येऊन स्पीकरची वायर ओढली.

"काय झालं गं?"

मग मी सांगितलं. काका दगडी स्टुलावर बसले. त्यांनी तालीम थांबवायला हात वर केला, तेव्हा मी म्हणाले, "नका थांबवू काका. मला काहीतरी करायला द्या." त्यांनी मला दुसरं काम दिलं. पडद्यासाठी आणलेल्या निळ्या कापडाला टीप घालायची होती. मशीन नव्हतं. आई आणि मी दोन टोकांनी हातशिलाई करत बसलो. लढाई आमच्या डोक्यावरून चालू राहिली, तोफांविना.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. युद्धनौका पोहोचली तेव्हा चाचे निघून गेलेले होते. सगळे सुखरूप होते. मी आईंना सांगायला वळले तर त्या आधीच देवापुढे बसल्या होत्या, आणि मला हाताने थांब म्हणून खुणावत होत्या. आधी दिवा लावून होऊ दे, मग सांग, असं.

नवरा जुलैच्या शेवटी घरी आला. विमानतळावर मला वाटलं, सगळं नीट आहे. थोडा बारीक झाला होता, एवढंच. आईंनी केलेलं बांगड्याचं तिखलं दोनदा वाढून घेतलं. पण तो कुठलंच दार लावू देईना. बेडरूमचं नाही, बाथरूमचंसुद्धा अर्धवट उघडं. दिवसा तो बाहेरच्या लोखंडी गेटजवळ खुर्ची टाकून बसायचा. एकदा वरच्या मजल्यावरून कुणीतरी शूटमध्ये काहीतरी जड टाकलं. ते आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून आपटत खाली गेलं. तो जेवत होता. ताट तसंच ठेवून उठला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आवाज थांबला तरी तो उभाच होता.

"अरे, शूट आहे," मी म्हणाले.

"माहितेय मला," तो म्हणाला. "माहितेय."

मी लॅपटॉपमधल्या तोफा कपाटात ठेवल्यासारख्या एका फोल्डरमध्ये लपवल्या आणि काकांना फोन करून कळवलं की हे काम मला जमणार नाही. पण संध्याकाळी नवराच म्हणाला, "तालीम नाही आज? चल ना. घरात बसून कंटाळलोय." मी उठेपर्यंत तो स्पीकर खांद्यावर घेऊन चालायलाही लागला होता.

त्या संध्याकाळी काकांनी त्याला पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही. माणूस वाईट नव्हता, पण नाटक बसवताना त्यांना समोरचा माणूस दिसायचा नाही, प्रवेश दिसायचा.

"तुम्ही समुद्रावरचे," ते म्हणाले. "सांगा बरं, हे बरोबर दिसतंय का? जहाजावर लढाई होते तेव्हा काय दिसतं?"

मी काकांकडे रागाने पाहिलं. नवरा मात्र त्या बुद्धिबळाच्या पटाकडे बघत होता.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी काही पाहिलंच नाही."

"म्हणजे?"

"आम्ही खाली होतो. अगदी मागे, सुकाणूचं यंत्र असतं त्या खोलीत. इंजिन मीच बंद केलं होतं, म्हणजे त्यांना जहाज नेता येऊ नये. इतकी वर्षं समुद्रावर आहे, पण इंजिन बंद असलेलं जहाज समुद्राच्या मधोमध कसं असतं ते मी कधी ऐकलंच नव्हतं. आपला श्वाससुद्धा मोठा वाटतो. उकाडा असा, की भिंतींना पाणी सुटलेलं. एक टॉर्च, तीही विझवायची. आणि डोक्यावर पावलं. चपला घातलेली पावलं. कळायचं, हा इकडे गेला, हा परत आला. मग ते दारावर काहीतरी आपटायला लागले."

लाकडी तलवार हातात घेतलेला आमचा एक सैनिक, एरवी डेटाबेस सांभाळणारा मुलगा, तसाच उभा होता.

"आपटत होते तोपर्यंत ठीक होतं," तो पुढे म्हणाला. "निदान ते कुठे आहेत ते कळत होतं. मग आवाज थांबला. ते गेले, की दाराबाहेर बसून आहेत? लाटेने सुकाणू हललं की यंत्र करकरायचं, आणि सगळे त्या यंत्राकडे असे बघायचे, जसं काही ते चुगली करतंय."

"मग?" काकांचा आवाज आता वेगळा होता.

"मग फार वेळाने बाहेरून कुणी इंग्रजीत ओरडायला लागलं. आम्ही नौदलाचे आहोत, दार उघडा. कॅप्टन म्हणाला, उघडू या. मी म्हणालो, नाही. इंग्रजी काय, कुणालाही येतं. आमच्यात भांडण जुंपलं, तिथेच, कुजबुजत. दाराला आतून एक चाक असतं, फिरवून लावायचं. ते मी दोन्ही हातांनी धरलं आणि सोडेना. शेवटी चीफ कुक आणि खलाशांचा मुकादम, बोसन, यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. बाहेर खरंच नौदल होतं. सोडवायला आलेली माणसं दाराशी उभी, आणि मी त्यांना बाहेर अडवून ठेवलं होतं. कॅप्टनला चावलोसुद्धा असेन. मला नीट आठवत नाही."

हे त्याने मला घरी एकदाही सांगितलं नव्हतं. इथे, लाकडी तलवारींच्या मधोमध, परक्या माणसांसमोर सांगितलं. मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं. आई उठल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि सगळ्यांदेखत त्याचे दोन्ही हात हातात घेऊन बघू लागल्या, उलटे-सुलटे करून, लहान मुलाचे बघावेत तसे.

"मी असते तर मी पण सोडूक नसता," त्या म्हणाल्या.

पुढच्या तालमीला काका नवा प्रवेश लिहून घेऊन आले. जळणाऱ्या जहाजाच्या पोटात अडकलेली माणसं. शत्रू दिसत नाही, समुद्र दिसत नाही, फक्त वर चाललेलं ऐकू येतं. बाहेरून कुणी मराठीत हाक मारतं, दार उघडा, आम्ही आपलेच आहोत. आणि आतले भांडतात, कारण आपलेच तर शत्रूबरोबर आलेले आहेत. काकांनी वाचून झाल्यावर नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमचं आहे," ते म्हणाले. "नको असेल तर फाडून टाकतो."

"ठेवा," तो म्हणाला. "पण मी स्टेजवर येणार नाही. आणि त्या प्रवेशात एकही तोफ नको."

यावरून मंडळात मोठं महाभारत झालं. अध्यक्षांचं म्हणणं, लोक लढाई बघायला येणार. आम्ही त्यांना अंधार दाखवणार? आमच्या सरखेलाने, ज्याचं सगळ्यात जोरदार भाषण कापलं गेलं होतं, भूमिका सोडायची धमकी दिली. काकांनी मग सरळ सांगितलं, प्रवेश राहील, नाहीतर नाटक नाही. सरखेल आठवडाभर रुसला आणि परत आला, कारण त्याने मिशा वाढवल्या होत्या.

प्रयोग एका कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये झाला. मी विंगेत लॅपटॉपपाशी बसले होते. पहिल्या दोन प्रवेशांत तोफा छान वाजल्या. पुढच्या रांगेतली मुलं टाळ्या पिटत होती. मग तो प्रवेश आला. दिवे गेले. काकांनी मला एकच आवाज करायला सांगितला होता, आणि तो रेकॉर्ड केलेला नव्हता: एका पिंपावर पितळी बत्त्याने मारायचं, थांबायचं, आणि पुन्हा मारायचं. किती थांबायचं ते माझ्यावर सोडलं होतं. मी मारलं. थांबले. हॉलमध्ये कुणाचा तरी फोन वाजला, कुणीतरी चुकचुकलं. एक मूल मोठ्याने म्हणालं, "मम्मी, व्हेन फाइट?" मी पुन्हा मारलं, आणि त्यानंतर इतका वेळ थांबले, की स्टेजवरच्यांनाही पुढे काय ते कळेना. हॉलच्या मागच्या दारात नवरा उभा होता. दार त्याने उघडं ठेवलं होतं, बाहेरच्या पॅसेजचा उजेड आत येत होता, आणि कुणी स्वयंसेवक ते लावायला आला तर तो मान हलवून नको म्हणत होता. पण तो गेला नाही. शेवटची जहाजं जळेपर्यंत तिथेच थांबला.

टाळ्या बेताच्याच पडल्या. काही बायका डोळे पुसत होत्या, आणि पुलावाच्या रांगेत एक गृहस्थ मला म्हणाले, "बाकी छान, पण तोफा कमी पडल्या हं." जाताना माझ्या नवऱ्याला काकांनी वाकून नमस्कार केला, आणि तो इतका अवघडला की त्यानेही खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

त्यानंतर नवऱ्याने किनाऱ्यावरची नोकरी धरून पाहिली. जहाजांच्या सुट्या भागांचं ऑफिस, एसी, टेबल, शनिवार-रविवार सुट्टी. मी सुखावले. पण आता घरात फेऱ्या मारणारा तो होता. शनिवारी सकाळी बाहेर पडायचा आणि चालत चालत कुठल्या कुठे जायचा. संध्याकाळी फोन करून विचारायचा, इथून घरी कुठली बस येते. वर्ष संपता संपता एकदा जेवताना म्हणाला, "मी परत जातो."

आईंनी ताट सरकवलं. "पुन्हा थंय? त्या जळलेल्या जागेवर?"

"एडनला नाही. जपान-कोरियाचा रूट आहे."

"समुद्र थयसरचो आणि हयसरचो वेगळो आसता?"

मीही भांडले. मी म्हणाले, तुझ्यासाठी मी काय काय सोसलं ते तुला कळणार नाही. तो म्हणाला, कळतं. मी म्हणाले, मग? तो म्हणाला, "तिथे मी शेवटचं काय केलं, तर दार धरून बसलो. तेवढंच करून संपवायचं नाहीये मला." मला ते पटलं नाही. पण त्याची बॅग मीच भरली.

जहाज बंदराबाहेर नांगरलेलं होतं, आणि धक्क्यावरून लाँचने जायचं होतं. आईंनी हट्टाने बरोबर यायचं ठरवलं. सिंगापूरची जहाजं नांगरायची जागा त्यांनी तोवर पाहिली नव्हती. धक्क्याच्या टोकाला उभ्या राहून त्यांनी समोर बघितलं. क्षितिजापर्यंत जहाजंच जहाजं, तेलाची, कंटेनरची, रिकामी, भरलेली, सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी.

"ह्यातला त्याचा खंयचा?" त्यांनी विचारलं.

"मला नाही माहीत, आई," मी म्हणाले.

तो पाया पडला, लाँचमध्ये उतरला, आणि आत न बसता बाहेरच उभा राहिला. लाँच त्या जहाजांमध्ये शिरली आणि एका लाल पोटाच्या जहाजामागे गेली. पलीकडून ती बाहेर येईल म्हणून आम्ही दोघी वाट बघत होतो. आली नाही. बहुतेक तेच त्याचं जहाज असावं. ऊन फार होतं. आईंनी पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, त्यांना भूक लागली आहे, आणि आज त्या बाहेरचं काहीही खायला तयार आहेत.